अस्तर

"खिशात काही सापडलं होतं का? खरं सांगा."

बाईंनी जॅकेट काउंटरवर ठेवलं नाही, टाकलं. लाँड्रीवालीने इस्त्री उभी केली. बाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी काही विचारलं की समोरचा माणूस आपोआप ताठ व्हायचा.

"कधी?"

"कधीही. आमच्या पिलूच्या कपड्यांत."

"नाही बाई."

बावीस वर्षं तिचं हेच उत्तर होतं. दुकान सासूबाईंचं आणि शिस्तही त्यांचीच. आजोबांच्या कोटात कवळी निघो नाहीतर भलत्याच बाईचं पत्र, ते पाकिटात घालायचं, पिन मारायची, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही.

"परीक्षेला बसली नाही ती," बाई म्हणाल्या. "खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलीत. म्हणते, समोरच्या गच्चीवरून कुणीतरी बघतं. सोळा वर्षांची पोर हो! डॉक्टर म्हणाले, गांजा ओढणाऱ्या सगळ्यांनाच असं होत नाही. पण इतक्या कोवळ्या वयात, सारखा ओढला, तर एखाद्याचं डोकं असं बिथरतं. कधीपासून ओढते ते त्यांना हवंय. ही म्हणते, कधीच नाही. मैत्रिणी म्हणतात, आम्हाला काय माहीत. सगळे खोटं बोलतायत." त्यांनी तिच्याकडेही तसंच रोखून पाहिलं.

लाँड्रीवालीला इस्त्रीची ती वाफ आठवली. घामाचा नाही, अत्तराचा नाही, ओलं गवत जाळल्यासारखा वास. खिशात पातळ कागद आणि हिरवट चुऱ्याची पुडी. पोरगी कपडे न्यायला स्वतः आली होती. पाकिटात डोकावून लाल झाली.

"मावशी, आईला नाही ना सांगणार?"

"मला काय करायचंय?"

"मावशी, तुम्ही ना, एकदम भारी आहात!"

त्या दिवशी लाँड्रीवाली संध्याकाळपर्यंत खुशीत होती. तिला भारी कोण म्हणतं?

दार ढकललं गेलं. बाहेर गाडीत बसलेली पिलू आत आली. केस चिकटलेले, नजर दोघींच्या तोंडांवरून फिरणारी.

"काय बोलताय माझ्याबद्दल?"

"काही नाही गं."

"मग जॅकेट इथे का आणलंस? हिनेच आत काहीतरी शिवलंय. चालताना ऐकू येतं मला."

मावशीची 'ही' झाली होती. लाँड्रीवालीने कात्री घेतली.

"ये इकडे. तुझ्यासमोर उसवते."

टाका टाका करत तिने अस्तर मोकळं केलं, खिसे उलटे केले. आत कापूस, दोरे, बाकी काही नाही. पिलूने शिवणीवरून बोट फिरवलं, दोनदा.

"म्हणजे काढून घेतलंत," ती म्हणाली.

लाँड्रीवालीला कात्री जड वाटली. ती बाईंकडे वळली.

"बाई, मी खोटं बोलले. दोन वर्षं झाली. थंडीचे स्वेटर धुवायला यायला लागले होते, हिच्या स्वेटरवर नववीचा बिल्ला होता. आधी महिन्यातून एखाद्या वेळी. या वर्षी तर एकही कपडा बिनवासाचा आला नाही. दर वेळी मी पुडी पाकिटात घालून हिच्याच हातात दिली."

बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"दर वेळी? आणि मी आले की हसून विचारायचात, पोर कशी आहे म्हणून."

"हो."

"डॉक्टरांना सांगाल हे?"

"आत्ता चला."

"फोन करतील ते. उचला." बाईंनी पर्स उचलली. "कपडे आता दुसरीकडे देऊ आम्ही."

"बरोबर आहे. थांबा, अस्तर तेवढं शिवून देते."

"नको!" पिलूने जॅकेट ओढून घेतलं आणि उलटंच अंगात घातलं. "असंच राहू दे. सगळ्यांना दिसू दे, आत काही नाहीये."

ती गाडीकडे निघाली. बाई मागोमाग, हात तिच्या पाठीशी, पण न टेकवता. दोन्ही खिसे बाहेर लोंबत होते. त्यांच्यावर लाँड्रीवालीच्याच इस्त्रीची घडी होती, अगदी सरळ.