काढून घेतलेली संमती

ज्योत्स्ना मॅडमनी संघमित्राला मुलाखत घ्यायला शिकवलं होतं. प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं, समोरचं माणूस आपणहून बोलतं, हे त्यांचं सांगणं. नशिराबादहून रोज जळगावला येणाऱ्या या मुलीला पीएच.डी.साठी घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मॅडमनी घेतलं. विद्यापीठातल्या त्यांच्या आरोग्य मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत संघमित्रा तीन वर्षं मन लावून राबली.

विषय होता सिकलसेलच्या मुलांच्या आयांचा. आजार रक्तातला, जन्मभराचा. पोर वेदनेनं तळमळतं तेव्हा आई काय करते, स्वतःला कशी सावरते, हे समजून घ्यायचं. त्यासाठी संघमित्रा साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांत जाऊन राहायची. तिथंच कुंदाबाई भेटली. तिची मुलगी नुकतीच गेली होती. कितीतरी भेटींनंतर एकदा चुलीपुढं बसून, रेकॉर्डर चालू असताना, ती बोलली. शेवटच्या दिवसांत पोरीचं कण्हणं ऐकवेना, तेव्हा आता सुटू दे हिला, असं तिनं देवाजवळ मागितलं होतं. नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं. संघमित्रानं तिला शब्द दिला, की हे बाहेर जाणार नाही. जळगावला आल्यावर तिनं मॅडमना बजावून सांगितलं, की ही मुलाखत कुठंही वापरायची नाही. मॅडमनी मान डोलावली.

पुढं धुळ्याला मोठी परिषद झाली. मॅडमनी भाषणाच्या ऐन भरात तोच आवाज सभागृहाला ऐकवला. लोकांनी डोळे पुसले. मागच्या रांगेत कुंदाबाईच्या गावची आशा-सेविका बसली होती, तिनं आवाज ओळखला. आठवड्याच्या आत गावभर झालं, की कुंदाबाईनं स्वतःच्या पोरीचं मरण मागितलं. नवरा तिला माहेरी सोडून आला.

तक्रार झाली, चौकशी बसली. मॅडमनी सांगितलं, की मुलाखत वापरायची नाही हे विद्यार्थिनीनं आपल्याला कळवलंच नव्हतं. संघमित्राला प्रकल्पातून काढलं आणि तिचं काम प्रयोगशाळेतल्याच दुसऱ्या विद्यार्थ्याकडं, चोपड्याच्या नीलेशकडं दिलं. ती केबिनमध्ये गेली तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तू तरुण आहेस, तुझं निभावेल. माझं नाव गेलं तर प्रयोगशाळाच बुडेल."

त्या दिवसापासून संघमित्राला जेवण गोड लागेना. मॅडमचा चेहरा पडलेला बघायचा, एवढंच डोक्यात. आणि वाट तिला मॅडमच्याच शिकवणीत सापडली. अभ्यासातून कोणत्याही बाईला कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता, आणि मग तिचं बोलणं वापरता येत नाही. हे तिनं स्वतःच प्रत्येकीला समजावलं होतं.

ती आधी कुंदाबाईच्या माहेरी गेली. कुंदाबाईनं तिला ओट्यावरच उभं ठेवलं. संघमित्रानं माफी मागितली, मग मनातला बेत सांगितला. कुंदाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुना राग तुना कामकरता शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "मना राग मनी पोरकरता. दोन्ही एक समजू नको." आणि जरा थांबून, "बठ्ठ्या बाया येतीन. मी सांगस त्यासले."

प्रकल्पाला पुढची तीन वर्षं द्यायची की नाही, हे ठरवायला पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं धुळ्यात आली. मॅडम पडद्यावर आकडे दाखवत होत्या. दार उघडलं आणि अभ्यासातल्या सगळ्या बाया आत आल्या. एकेक उठून म्हणाली, माझं बोलणं काढून टाका. सगळ्यांच्या शेवटी कुंदाबाई मॅडमच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मना आवाज माले परत दे."

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीपाशी उभ्या संघमित्रानं तो चेहरा डोळे भरून पाहिला. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

बाहेर पडताना मॅडम तिच्याजवळ थांबल्या. "तुझा प्रबंधही याच मुलाखतींवर होता, तोही गेला. कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम. म्हणूनच यायला इतके दिवस लागले."

खाली जीप उभी होती. संघमित्रानं सरकून जागा केली, पण कुंदाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. साक्रीपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

प्रकल्प बंद पडला. नीलेशची शिष्यवृत्ती थांबली. त्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. तो चोपड्याला बापाच्या केळीच्या बागेत परतला आणि संघमित्राचा फोन घेईनासा झाला. त्याची आठवण तिला खायला उठे. ती आता धुळ्याच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवते.

परवा कुणीसं सांगितलं, की ज्योत्स्ना मॅडमना नाशिकला नवं काम मिळालंय, नव्या मुलीही आल्यात हाताखाली. संघमित्रानं त्या मुलींची नावं आणि फोन नंबर विचारून घेतले.