आठ सेंटीमीटर पुढे

कल्पना करा, बाळांनो. कोगनोळीच्या शाळेतला एक वर्ग, बाक भिंतीला सरकवलेले, आणि मोकळ्या फरशीवर एक छोटी गाडी आपली आपण धावते आहे. चार मीटरवर आखलेल्या चौकोनात तिने नेमकं थांबायचं. लॅपटॉपवर तिचंच हुबेहूब रूप धावतं. मुलं त्याला ‘जुळा’ म्हणतात. जुळा सकाळपासून दहादा बरोबर थांबला. खरी गाडी मात्र दर वेळी आठ सेंटीमीटर पुढे.

“ट्रक हाय ह्यो! टोलनाका दिसला की पळतोय!” निशांत म्हणाला. सगळे हसले. गाडी बनवायला त्यांना मीच शिकवत होतो; मला हसू आलं नाही. बेळगावची स्पर्धा दोन दिवसांवर होती आणि संघाची यादी बारापर्यंत पाठवायची होती.

“तेजस्वी, जुळ्याच्या चाकाचं माप चुकीचं भरलंस,” लॅपटॉपपुढे बसलेल्या मुलीला मी म्हणालो.

“न्हाय आप्पा. शंभर मिलिमीटर. तुम्हीच मोजून दिलासा की.”

“म्हंजे मी चुकलो? उद्यमबागेतल्या फौंड्रीत चौतीस वर्षं मापंच घेतली मी!”

“एकदा परत मोजूया की.”

मला तो उर्मटपणा वाटला. “ऊठ तिथनं. गाडी निशांत चालवंल.” तिच्यासमोरच तिचं नाव खोडून मी यादी पाठवली. ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

मुलं जेवायला गेल्यावर मी चाक हातात घेतलं. फौंड्रीत साचे करताना आमची पट्टी वेगळी असायची. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून तिच्यावरचे मिलिमीटर मुद्दाम किंचित मोठे आखलेले. सवयीने तीच पट्टी माझ्या खिशात होती. कंपासपेटीतल्या साध्या पट्टीवर चाक एकशे दोन भरलं.

माझ्या पट्टीवर तेच शंभर दिसत होतं. बेळगावला स्पर्धेच्या आयोजकांना फोन केला. मुदत संपली होती.

मुलं परत आली तेव्हा मी उभा राहिलो. “पोरांनो, चूक माझी हाय. माझी पट्टीच चुकीची. तेजस्वीनं बरोबर भरलंतं.” पुढचं बोलताना मला तिच्याकडे बघवेना. “यादी आता बदलत न्हाय गं. मी इचारून बघितलं.”

 निशांतने या वेळी चेष्टा केली नाही.

तेजस्वी उठली. लॅपटॉपपुढे बसून तिने एकशे दोन भरलं. आता जुळाही चौकोन ओलांडून गेला. तिने चाकाचे फेरे कमी केले, पुन्हा चालवलं. तो थांबला. खरी गाडीही थांबली, बरोबर चौकोनात.

मग तिने निशांतसाठी स्टूल मोकळं केलं आणि स्वतः शेजारी फरशीवर गुडघे टेकले.

“बस हितं. दोन दिवस हायत. सगळं दाखवते तुला.”