नांटवेनच्या पायपेटीचं न संपणारं पद

या मित्रांनो, अगदी माझ्या पट्ट्यांपाशी सरकून बसा. एका पदाची गोष्ट सांगते. ते लवकर संपलं असतं, तर मी आज बोलायला उरले नसते.

मी एक जुनी पायपेटी आहे. वेल्सच्या डोंगरातल्या नांटवेन गावच्या प्रार्थनामंदिरात राहते. दगडखाणीतल्या माणसांनी मला खांद्यावरून चढावर आणलं. वाटेत चारदा टेकवलं आणि चारही वेळा वाजवून बघितलं. त्या काळी बाकांवर जागा मिळत नसे. प्रवचन रंगलं की बोलता बोलता शब्दांना सूर लागे, आणि गप्प असूनही मी आतून थरथरे. देव तेव्हा फार जवळ असे.

मग खाण बंद पडली. माणसं पांगली, मला उंदरांनी कुरतडलं. गायला अकराजण उरले.

मागच्या वसंतात मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे गेथिन पाद्री आले. मंदिराला कुलूप, आणि मी जुन्या बाजारात, असा कागद त्यांच्या खिशात होता. शेवटचं पद झालं की ते वाचणार होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता इथली रीत अशी, की शेवटचं कडवं कुणीही पुन्हा उचलावं आणि सगळ्यांनी म्हणावं. पद चालू असताना मात्र कुणी उभं राहून काही जाहीर करायचं नाही, पाद्रीनंसुद्धा.

कडवं संपलं. पाद्रीबुवांचा हात खिशात गेला. तेवढ्यात मागच्या बाकावरून इथेल लोहारानं तेच कडवं उचललं. मग पुन्हा, आणि पुन्हा. सातव्या वेळी मला वाजवणाऱ्या ऐंशीच्या मेननाबाई पुटपुटल्या, "इथेल, मेल्या, माझे पाय गेले रे."

"तुम्ही बोटं चालवा, बाई. भाता मी बघतो, जन्मभर तेच केलंय," म्हणत तो पुढे येऊन गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माझ्या भात्याचे पायटे दाबू लागला.

नवव्या वेळी पाद्रीबुवांचा पाय ठेका धरू लागला. अकराव्या वेळी ते स्वतःच वरच्या सुरात गायला लागले. तो सूर आमच्याकडे कित्येक वर्षं नव्हता.

अखेर पद थांबलं. त्यांनी घाम पुसला तो त्याच कागदानं.

"तुमच्यात वरचा आवाज नाही, असं कसं चालेल?" ते म्हणाले. "कुलपाचं राहू द्या, मंडळाला मी सांगतो. महिन्यातून एक रविवार मी येत जाईन." आणि पुढचं बोलणं त्यांच्या नकळत गाण्यात गेलं.

ते अजून येतात. माझा भाताही नवा झालाय. इथेल मात्र या हिवाळ्यात देवाघरी गेला.

मित्रांनो, तुमच्या गावात एखादी जुनी पेटी असेल, तर तिच्यावरची धूळ पुसा. आणि पद संपत आलं की लगेच उठू नका. इथेल लोहाराची आठवण काढा, आणि शेवटचं कडवं एकदा पुन्हा उचला.