सहा नावे, एक सही

ध्वनिफीत संपली.

आत्या शिवणयंत्राला टेकून उभी होती. तिने आत्ताच स्वतःचा आवाज ऐकला होता: "वहिनी, तो अजून मला शोधतोय गं. या वेळी सापडले, तर जिवंत सोडणार नाही."

सकाळी भांडी विसळताना वहिनीच्या कानाशी बोललेले ते शब्द. वहिनीच्या पदराला चित्रीकरणासाठी लावलेला माइक काढायचे कोणाला सुचले नव्हते. किंवा सुचले होते, म्हणूनच काढला नव्हता.

"सोनं आहे हे, ताई!" टीव्हीवरल्या गायनस्पर्धेच्या दिग्दर्शकाने डोळे पुसले. नादुरुस्त नळासारखे ते कुठेही गळत. "स्पर्धक पोरगी, तिला गाणं शिकवणारी आत्या, आणि आत्याचं हे दुःख! अख्खा देश रडेल."

"देश रडेल, आणि माझा नवरा पत्ता लिहून घेईल."

"चेहरा धूसर करू की."

"आवाजाचं काय? झोपेतही ओळखेल तो."

उत्तरादाखल त्याने कराराचे शेवटचे पान पुढे केले. घरातल्या सहा जणांची नावे, आणि खाली एकच सही: दादाची. कर्त्याने सही केली की घर बोलले, असा त्या घराचा रिवाज होता. आत्याच्या लग्नाला होकारही दादानेच दिला होता. तिला मुहूर्त तेवढा कळवण्यात आला.

"वाचलं तरी होतंत का हो?" वहिनीने विचारले.

"चाळीस पानं कोण वाचतं?" दादा उखडला. "पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे. घरातलं चार लोकांना कळलं, तर आभाळ कोसळणार आहे का?"

"कोसळेल ना, दादा. दरवेळी माझ्यावरच कोसळतं, म्हणून तुला आवाज येत नाही."

दादाने घड्याळात पाहिले. अशा माणसांना लाज वाटली की वेळ आठवतो. आणि टीव्हीसमोर ताट मांडीवर घेऊन परक्या हुंदक्यांचे तोंडीलावणे करणारे आपण? त्या चाळीस पानांवर आपलीही सही असते, अदृश्य आणि ठळक.

भाची मेकअपच्या खुर्चीवरून उठली. अर्ध्याच चेहऱ्यावर रंग चढला होता.

"बाबा, मी वीस वर्षांची आहे. मलाही कोणी विचारलं नाही." मग ती दिग्दर्शकाकडे वळली. "माझं नाव खोडा. मी स्पर्धेतच नसेन, तर हे घर दाखवायचं कारणच उरत नाही."

"वेड लागलंय का?" दादा ओरडला. "हजारोंतून निवडलंय तुला!"

'नको गं, गा तू,' असे म्हणायला आत्याने तोंड उघडले. आणि तसेच मिटून घेतले. तिलाही जगायचे होते. आणि त्या इच्छेची तिला, विनाकारण, शरम वाटली.

दिग्दर्शकाचे डोळे एव्हाना कोरडे ठणठणीत झाले होते. "नीट विचार कर. अशी संधी पुन्हा दारात येत नसते. उद्या स्टुडिओत येणार आहेस की नाही?"

भाचीने ओल्या फडक्याने गालावरचा रंग पुसला, आत्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि त्याच्या प्रश्नाला वळसा घालून ती आत निघून गेली.