कोयत्याला न सुटलेलं गणित

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. गंगाखेडच्या एका लोहारानं ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून मला घडवलं, बाभळीची मूठ बसवली आणि सुग्रीवच्या हाती दिलं. तेव्हापासून साखर कारखाना सुरू झाला की आमचा मुक्काम उसाच्या फडात. पावसाळ्यात मात्र मला आढ्याला खोचून ठेवत आणि तिथं मी मुकाट गंजत राही. हंगामात लोक म्हणायचे, काय धार आहे! ते ऐकून मी फुगायचो. फड मीच तोडतो, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती आली एका गणितामुळे, आणि अजून गेलेली नाही.

यंदा फड आमच्या गंगाखेडजवळच मिळाला. त्यामुळे सुग्रीवची आठवीतली मुलगी पंकजा आमच्या पाचटाच्या झोपडीतून, म्हणजे कोपीवरूनच शाळेत जाऊ लागली. एक दिवस ती तोंड पाडून घरी आली आणि आईला, म्हणजे गोजरबाईला, सगळं सांगत बसली. धम्मदीप सरांनी एक उदाहरण घातलं होतं. दोघं मिळून एक काम दोन दिवसांत करतात, पहिला एकटा तेच काम सहा दिवसांत करतो, तर दुसरा एकटा किती दिवसांत करील? पंकजानं लिहिलं होतं, ‘दुसऱ्याला एकट्याला कामच मिळणार नाही.’ तिचं काय चुकलं? आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी असल्याशिवाय मुकादम फडावर उभं करत नाही. सर हसले नाहीत. गणितात एकट्यालाही काम मिळतं असं धरून चाल, म्हणाले. मग तिनं सहातून दोन वजा केले आणि चार लिहिले. तेही चुकलं. पोर पार गोंधळली. मला विचाराल तर मलाही चारच बरोबर वाटले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गोजरबाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना घसरली. पाय मुरगळून टम्म सुजला. मग फडात सुग्रीव आणि मी, दोघंच. मित्रांनो, शपथेवर सांगतो, माझा वेग तसूभरही कमी झाला नव्हता. पण सुग्रीव थोडा ऊस तोडायचा की मला खाली ठेवायचा. पाचट काढायचा, मोळी बांधायचा, ती उचलून ट्रॉलीत टाकायचा. मी आपला सरीत पडून आभाळ बघायचो. नवरा-बायको दोन दिवसांत उरकायचे तेवढा तुकडा सहा दिवस पुरला. माझी धार तीच, ऊस तोच, मग हे झालं कसं, काही कळेना.

मुकादम भुजंग कोपीवर आला. जोडी पुरी करा, नाहीतर फड दुसऱ्याला देतो, असं बजावून गेला. सुग्रीवनं मला कोपीच्या दाराशी टेकवून ठेवलं. मग म्हणाला, “उद्यापासून पंकी येईल. मोळ्याच तर बांधायच्या हायेत. शाळा पुढल्या साली बघू.”

पंकजाचे डोळे भरून आले. तिनं मला उचललं आणि कोपीपुढच्या मातीत माझ्या टोकानं सहा चौकटी काढल्या.

“आबा, ह्यो आपला तुकडा. तुमी एकले सहा दिस तोडायलाव, म्हंजे दिसाला एक चौकट. माय संगं असली की दोन दिसांत सरतोय, म्हंजे दिसाला तीन. तिनातली एक तुमची. मग मायच्या किती?”

सुग्रीवनं चौकटींवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. “दोन?”

“सरांचं गणित हेच हाय, आबा. दिसाला दोन, म्हंजे माय एकली तीन दिसांत. मला आत्ता कळायलंय.”

तिला कळलं, पण माझं डोकं चालेना. गोजरबाईनं मला कधी हातात धरलं नव्हतं. मग ती दुप्पट कशी? बरं, चौकटी माझ्याच टोकानं काढलेल्या, त्यामुळे खोट्या म्हणायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात कोपीतून गोजरबाईचा आवाज आला. “जे काम तुमच्या दुपटीनं हाय, ते पोरीच्या डोक्यावर देता का?”

सुग्रीव चौकटींकडे बघत राहिला. सकाळी तो आधी भुजंगकडे गेला. बायकोचा पाय बरा होईस्तोवर फड हळू चालेल, पण पोरगी येणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. भुजंग कुरकुरला, पण ऐन हंगामात नवी माणसं आणायची कुठून? पंकजा दप्तर घेऊन शाळेच्या रस्त्याला लागली.

गोजरबाई पुन्हा उभी राहिली त्या दिवशी सुग्रीवनं मला तिच्या हातात दिलं आणि मोळ्या आपण बांधतो म्हणाला. दुपारपर्यंत तो कंबर धरून बांधावर बसला. तिनं पाण्याची कळशी त्याच्याकडे सरकवली.

मित्रांनो, आता माझी मूठ सैल झाली आहे. पावसाळ्यात मला तेलाचं बोट लावून ठेवा, एवढी विनंती आहेच. पण फड कुणी तोडला असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांगण्याआधी एकदा मागं वळून बघा. माझ्या धारेचं कौतुक आजही कानावर येतं. पण मी फुगत नाही. डोळ्यांपुढं त्या सहा चौकटी येतात, आणि त्यांतली माझी कोणती, हे काही केल्या सापडत नाही.