निवेस बरी झाली तेव्हा

निवेस बरी झाली आणि आम्ही धास्तावलो. ऐकायला वाईट वाटतं, पण तसंच झालं.

इटलीतल्या त्रिएस्ते शहरातलं वेड्यांचं इस्पितळ बंद झालं, तेव्हा तिथल्या माणसांना काम मिळावं म्हणून ही सहकारी लाँड्री निघाली. कायदा म्हणतो, शंभर कामगारांत तीस तरी असे आजारी हवेत. तरच करात सूट आणि पालिकेचं काम. निवेस बरी ठरली की आजाऱ्यांच्या यादीत एक माणूस कमी पडणार होता आणि नव्याला द्यायला पगार नव्हता. माणसं बरी व्हावीत म्हणून काढलेली संस्था माणूस बरं झाल्यावर बुडणार, ही अक्कल कुणाची देव जाणे.

सभा भरली. आमच्यात अध्यक्ष असो की इस्त्रीवाली, प्रत्येकाला मत एकच. इस्त्रीवर काम करणारी ब्रूना म्हणाली, "निवेस, अजून वर्षभर आजारीच राहा ना गं. नुसतं कागदावर. तुझं काय जातंय?"

"नातू जातोय," निवेस म्हणाली. "डॉक्टरांनी बरी म्हणून लिहून दिलं, तरच मुलगी त्याला माझ्याकडे ठेवणार आहे."

मला ब्रूनाचा राग आला आणि स्वतःचाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. शेवटी निवेसच उठली. "घ्या मत. मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा तुम्ही काम दिलंत. राहते मी आजारी." पहिला हात तिनेच वर केला.

"हात खाली घे," लिविओ म्हणाला. लिविओ आमचा अध्यक्ष. कोट घालून पालिकेत भांडायला तोच जायचा, आमच्यातला शहाणा. "महिन्यातून एका मंगळवारी मी पालिकेत जातो म्हणून सांगतो ना, तेव्हा मनाच्या आजाराचं इंजेक्शन घ्यायला जातो. कित्येक वर्षं झाली. निवेसच्या जागी माझं नाव घाला."

"अरे, पण यादी पालिकेत जाते," ब्रूना हळूच म्हणाली.

"माहितेय. मीच नेऊन देतो ना दरवर्षी."

काम टिकलं. निवेसचा नातू तिच्याकडे राहायला आला.

पालिकेतल्या पुढच्या बैठकीला मी लिविओबरोबर गेले. साहेब तेच, वर्षानुवर्षं त्याला 'अध्यक्षमहाशय' म्हणणारे. लिविओने हिशेब समजावून सांगितला. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर सांगतोय का हा?"

"त्यालाच विचारा की," मी म्हटलं.

साहेब समजुतीने हसले आणि पुढचा प्रश्नही मलाच विचारला.