चौदावी सही

टेलरबाईंनी रजिस्टरात चौदावी सही ठोकली आणि खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं पेन आत ढकललं. पलीकडच्या सिस्टरने कागदी वाटीतल्या दोन गोळ्या वायरमनच्या जिभेखाली ठेवल्या.

"गिळायचं नाही, बोलायचं नाही. दहा मिनिटं बाकावर. मग तोंड दाखवायचं."

वायरमन मान डोलावून बाकावर जाऊन बसला. तो टेलरबाईंचा जावई. दोन वर्षांपूर्वी खांबावरून पडला, कंबर मोडली. दुखण्यावर ज्या गोळ्या मिळाल्या, त्या कंबर सांधल्यावरही सुटल्या नाहीत. आता त्या सोडवण्यासाठी ही जिभेखालची गोळी आणि ती घेण्यासाठी सकाळच्या पहिल्या बसने रोज दोन तास येणं, दोन तास जाणं. सोबत घरचं एक जबाबदार माणूस हवं, असा या व्यसनमुक्ती केंद्राचा नियम. लेकीला रजा मिळेना, म्हणून ते जबाबदार माणूस म्हणजे टेलरबाई. घरी शाळेच्या गणवेशाचे चाळीस शर्ट बाह्यांवाचून पडले होते.

"सिस्टर, उद्या पंधरा होतात. आठवड्याच्या गोळ्या उद्याच हातात मिळतील ना? सोमवारी यांना कामावर हजर व्हायचंय. नाही झाले तर त्या जागी दुसरा माणूस घेणार आहेत."

"सलग पंधरा झाले तर मिळतील."

"मागच्या वेळीही अकरा झाले होते."

"मध्ये खाडा होता, मावशी."

"खाडा आमचा नव्हता. केंद्र बंद होतं. आम्ही या दाराला हात लावून परत गेलो."

"पण त्या दिवसाची सही नाही ना."

"बंद दारावर करायची होती का सही?"

रांगेत कुणीतरी हसलं. सिस्टर हसली नाही. तिच्यापुढे साठ जणांची यादी होती आणि मदतीला कुणी नव्हतं. टेलरबाईंना ते दिसत होतं, पण दिसल्याने राग कमी होत नव्हता.

"नियम मी केलेला नाही," सिस्टर म्हणाली. मग आवाज उतरवून तिने बाकाकडे हनुवटी केली. "यांना अजून जांभया येतात, नाक गळतं, अंगावर काटा येतो. चौदा दिवसांत हे थांबायला हवं होतं. बाहेरून काही घेत नाहीत ना? नाही, तसं सापडलं तर नाव कापतात."

"माझी नजर आहे," टेलरबाई म्हणाल्या.

दहा मिनिटांनी वायरमनने तोंड उघडलं, जीभ वर केली. सिस्टरने टॉर्च फिरवला आणि पुढचं नाव पुकारलं.

परतीची बस यायला पाऊण तास होता. पत्र्याच्या थांब्याखाली वायरमन पुढे वाकून, गुडघे आवळून बसला. टेलरबाई मागे उभ्या होत्या. उभं राहून काय करायचं, म्हणून त्या त्याच्या शर्टाकडे बघत होत्या. शर्ट त्यांनीच शिवलेला. कॉलरच्या आतल्या अंगाला दोन बोटं रुंदीचा एक तुकडा काळ्या दोऱ्याने तीन बाजूंनी टाचलेला त्यांना दिसला. एक टाका लांब, एक आखूड, गाठ वरच. टेलरबाईंच्या हातून असा टाका मेल्या तरी पडला नसता.

"मान खाली करा."

"काय झालं, आई?"

"खाली करा म्हटलं ना."

त्यांनी नखाने टाका उसवला. आतून प्लॅस्टिकची एवढीशी घडी निघाली आणि घडीत पांढरी गोळी, कडेने विरघळून खडबडीत झालेली.

त्यांनी ती त्याच्या नाकासमोर धरली.

"वा, जावईबापू! मी तिकडे तुमच्यासाठी तोंड वाजवते आणि तुम्ही इकडे दुकान मांडलंय. कितीला विकता?"

"विकत नाही."

"मग काय, लोणचं घालता?"

वायरमनने बाहीला नाक पुसलं.

"चला उठा. सिस्टरला दाखवते. नाव कापलं तर कापलं. फसवून घ्यायची सवय माझ्या लेकीला असेल, मला नाही."

"दाखवा," तो म्हणाला. "पण मग दोघांचं तुटेल."

"दोघांचं? दुसरा कोण?"

"घरी चला, आई. घरी बोलू."

"इथंच बोला."

वायरमनने आपल्या हातांकडे बघितलं. हात थरथरत होते.

"मी अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा दुकानातून माझ्या गोळ्या कोण आणायचं?"

टेलरबाईंना आठवावं लागलं नाही. धाकटा आणायचा, त्यांचा मुलगा. टेम्पो चालवायचा, पोती उतरवायचा आणि येताना मेहुण्याचं औषध आणायचा.

"पोत्यांनी त्याची पाठ धरली होती. पहिली गोळी त्यानं माझ्याच पट्टीतली घेतली. मीच दिली."

"खोटं."

पण आवाज हवा तसा चढला नाही. गेले दहा-बारा दिवस धाकटा वेळेवर उठत होता, पानावर बसून नीट जेवत होता. एकदा चांगली हजेरी घेतली आणि पोरगं सुतासारखं सरळ झालं, असं टेलरबाई मापं द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या.

"म्हणजे निम्मं औषध त्याला. आणि अशा हातांनी तुम्ही सोमवारी खांबावर चढणार?"

"उद्या आठवड्याच्या मिळाल्या की पुरवून पुरवून घेऊ दोघं. मग बघू."

"बघू काय? त्याला इथं का नाही आणलं?"

"दहा वेळा म्हटलं. नको म्हणतो. तिथं आई असते म्हणतो." वायरमन थांबला. पुढचं बोलावं की नाही, हे त्याने पायाने जमिनीवर एक खडा इकडून तिकडे सरकवत ठरवलं. "तुम्ही शेजारणीशी बोलत होतात ना. जावई पडला म्हणून सोसते, पोटचा असता तर उंबऱ्यात पाय ठेवू दिला नसता. तेव्हा तो आतल्या खोलीत होता."

टेलरबाईंनी प्लॅस्टिकची कड दुमडली. पुन्हा दुमडली. बोटांनी दाबून सरळ केली. मग त्या थांब्याखालून निघाल्या आणि रस्ता ओलांडून केंद्राकडे चालू लागल्या. घडी मुठीत होती.

"आई!" वायरमन मागून म्हणाला. त्या वळल्या नाहीत.

खिडकीची झडप अर्धी खाली आली होती. रांगेत शेवटी त्यांच्याच गावातली गिरणीवाली उभी होती. तिच्या कानावर घातलेली गोष्ट दळणाआधी घरोघर पोचत असे.

"सिस्टर, नवीन नावाचा फॉर्म द्या."

"कुणासाठी?"

गिरणीवालीने मान वळवली. टेलरबाईंनी मूठ पिशवीत घातली आणि रिकामी बाहेर काढली.

"माझ्या मुलासाठी."

"कुणाच्या मुलासाठी?"

"माझ्या. पोटच्या."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "नवीन नोंदणी महिन्यातून एकदाच होते, मावशी. परवाच झाली. आता पुढच्या महिन्यात, दहा तारखेला. आणि त्याच्यासोबत दुसरं कुणीतरी आणा. एका जबाबदार माणसावर एकच पेशंट."

"आई चालत नाही?"

"आई चालते. पण तुमची सही जावयाच्या नावावर आहे."

"मग ती काढा."

"ती काढली तर त्यांचा पहिला दिवस परत सुरू होईल."

टेलरबाईंनी खिडकीचा गज धरला. मागून गिरणीवाली जरा पुढे सरकली होती.

"महिनाभर त्यानं काय करायचं?"

सिस्टरने यादीकडे पाहिलं. मग झडपेची मूठ धरून ती हळूच म्हणाली, "त्याला एकटं सोडू नका." झडप खाली आली.

त्या थांब्यावर परतल्या तेव्हा वळणावर बस दिसत होती. वायरमन उभा होता, खांबाला टेकून.

"सांगितलंत?"

"फॉर्म मागितला."

"मग?"

"पुढच्या महिन्यात."

वायरमनने मान हलवली. जणू हे त्याला ठाऊकच होतं. मग त्याने हात पुढे केला. टेलरबाईंनी पिशवी काखेत घट्ट धरली.

"मी देईन त्याला."

"तुमच्या हातून नाही घेणार तो, आई. एक शब्द ऐकला की उठून जाईल."

बस थांबली. आतली माणसं उतरेपर्यंत दोघं दाराशी उभे राहिले.

"ताटाशेजारी ठेवीन," टेलरबाई म्हणाल्या. "काही बोलणार नाही."